युनिट चाचण्यांचा शोध (बिल्ड साधने)

युनिट चाचण्यांचा शोध ही सॉफ्टवेअरच्या बांधणीतील एक पायरी आहे. प्रकल्पातील कोणत्या फाइलींत, कोणत्या क्लासमध्ये आणि कोणत्या मेथडमध्ये चाचण्या आहेत हे बिल्ड साधन या पायरीवर ठरवते व त्यानंतर त्या चालवते. मेव्हन, ग्रेडल, ॲंट, मेक, सीटेस्ट ही या कामी वापरली जाणारी प्रमुख साधने होत. चाचणी लिहिणारी चौकट आणि ती चालवणारे साधन ही बहुतेक वेळा दोन वेगळ्या प्रकल्पांची निर्मिती असते. त्यामुळे ‘चाचणी कशाला म्हणावे’ याविषयी दोघांचे एकमत असणे आवश्यक ठरते. हे एकमत सहसा नावांच्या संकेतांवर उभे असते.

या पायरीचे महत्त्व तिच्या अपयशाच्या स्वरूपामुळे आहे. सापडलेली चाचणी चुकली तर बिल्ड थांबते आणि चूक उघड होते. न सापडलेली चाचणी मात्र चुकूच शकत नाही. एकही चाचणी न चालवता बिल्ड ‘यशस्वी’ घोषित होणे ही म्हणूनच साध्या त्रुटीपेक्षा अधिक फसवी अवस्था मानली जाते, कारण तिच्यात प्रकल्प तपासला गेल्याचा खोटा पुरावा तयार होतो.

पार्श्वभूमी

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन लिहिले. मेकला चाचणी ही संकल्पना ठाऊक नाही; त्याला फक्त लक्ष्य, त्याची अवलंबित्वे आणि आज्ञा कळतात. ‘टेस्ट’ नावाचे लक्ष्य लिहून त्याखाली चाचणीची आज्ञा देण्याची प्रथा रूढ झाली, परंतु तिच्यात एक जुना सापळा आहे. मेकच्या दृष्टीने लक्ष्य म्हणजे तयार करावयाची फाइल. प्रकल्पात ‘टेस्ट’ नावाचे फोल्डर आधीच असेल, तर मेक ते लक्ष्य अद्ययावत असल्याचे सांगून काहीही न चालवता थांबतो, आणि हे अपयश समजले जात नाही. ते लक्ष्य ‘फोनी’, म्हणजे फाइलशी संबंध नसलेले, असे जाहीर केले की हा दोष नाहीसा होतो.

आजच्या चाचणी-चौकटींचे मूळ स्मॉलटॉक भाषेतील एसयुनिटमध्ये आहे. केंट बेक यांनी तिचा आराखडा १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक व एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिटची पहिली आवृत्ती लिहिली. जेयुनिट ३ पर्यंत चाचणी ओळखण्याचा नियम सोपा होता: क्लास ‘टेस्टकेस’ या क्लासचा वारस असावा आणि मेथडचे नाव ‘टेस्ट’ या अक्षरांनी सुरू व्हावे. अशा क्लासमध्ये एकही चाचणी नसेल तर जेयुनिट ३ तीच गोष्ट अपयश म्हणून नोंदवत असे. ही दक्षता मोलाची होती, परंतु क्लास जेयुनिटपर्यंत पोहोचला तरच तिचा उपयोग. क्लास पोहोचवणे हे बिल्ड साधनाचे काम होते.

ॲंटची पहिली स्वतंत्र आवृत्ती २००० साली आली. ॲंटमध्ये कोणत्या फाइली चाचण्या म्हणून घ्यायच्या ते विकसकाने नमुना देऊन स्वतः लिहावे लागे. शिवाय चाचणी चुकली तरी ॲंटचे जेयुनिट-कार्य मूळ मांडणीत बिल्ड थांबवत नाही. त्यासाठी वेगळा गुणधर्म चालू करावा लागतो. मेव्हनच्या २००४ मधील पहिल्या आवृत्तीने आणि विशेषतः २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीने ही जबाबदारी विकसकाकडून काढून संकेतांकडे दिली. फाइल ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने ठेवली की पुढचे साधन पाहून घेते. सोय वाढली, पण नियम दृष्टीआड गेले.

जावा ५ मध्ये (२००४) ॲनोटेशनांची सोय आल्यावर जेयुनिट ४ ने (२००६) वारसा आणि नाव या दोन्ही अटी सोडल्या व मेथडवर ‘टेस्ट’ हे ॲनोटेशन लावणे पुरेसे ठरवले. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ ने रचनाच बदलली. चाचण्या शोधणारा ‘प्लॅटफॉर्म’, नव्या चाचण्या चालवणारे ‘ज्युपिटर’ इंजिन आणि जुन्या चाचण्यांसाठीचे ‘व्हिंटेज’ इंजिन असे तिचे तीन भाग झाले.

शोधाचे टप्पे

चाचणी लिहिल्यापासून ती चालेपर्यंत साधारणपणे तीन चाळण्या लागतात. पहिली चाळणी जागेची आहे. फाइल चाचण्यांच्या फोल्डरात असेल तरच ती कंपाइल होते. मेव्हन व ग्रेडलमध्ये हे फोल्डर ‘एसआरसी/टेस्ट/जावा’ असते. दुसरी चाळणी क्लासची असून कंपाइल झालेल्या क्लासपैकी कोणते चौकटीकडे द्यायचे हे साधन तेथे ठरवते. तिसरी चाळणी चौकटीची स्वतःची असते. मिळालेल्या क्लासमधील कोणत्या मेथड चाचण्या आहेत ते ती ठरवते.

कोणत्याही चाळणीतून गळालेली चाचणी बहुधा निरोप न देता गळते. ज्या फाइलीचे नाव जुळत नाही ती चाचणीच नव्हे, असे गृहीत धरणे साधनाच्या दृष्टीने योग्यच असते, कारण चाचण्यांच्या फोल्डरात साहाय्यक क्लासही असतात आणि त्यांबद्दल तक्रार करून चालत नाही.

संपादकातून एखादी चाचणी चालवली जाते तेव्हा दुसरी चाळणी मुळात लागतच नाही. एक्लिप्स किंवा इंटेलिजे आयडिया यांत विकसक क्लास स्वतः निवडतो व संपादक तो थेट चौकटीकडे देतो. ‘संपादकात चालते, पण मेव्हनमध्ये चालत नाही’ या सर्वपरिचित तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा या फरकात आढळते.

मेव्हन

मेव्हनमध्ये युनिट चाचण्या ‘शुअरफायर’ हे प्लगइन चालवते. ते क्लासची निवड नावावरून करते. ‘टेस्ट’ने सुरू होणारी, तसेच ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ किंवा ‘टेस्टकेस’ यांनी संपणारी नावे पूर्वनिर्धारित नमुन्यांत बसतात. ‘आयटी’ने सुरू होणारे किंवा संपणारे क्लास एकत्रीकरण चाचण्यांचे मानले जातात, ते ‘फेलसेफ’ या दुसऱ्या प्लगइनसाठी राखीव असून ‘टेस्ट’ टप्प्यात चालत नाहीत.

हे संकेत इंग्रजी शब्दांवर आधारलेले आहेत, ही बाब मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. देवनागरी अंकांत लिहिलेला पिनकोड, उदाहरणार्थ पनवेलचा ४१०२०६, वाचून त्याची पूर्णांक संख्या करणारा ‘अंकवाचक’ नावाचा क्लास आहे असे समजू. त्याची चाचणी ‘अंकवाचकचाचणी’ या नावाने लिहिली, तर नाव रोमन लिपीत असो वा देवनागरीत, शुअरफायर तिच्याकडे पाहणार नाही. मेव्हन ती फाइल कंपाइल करील, चालवण्यासारख्या चाचण्या नाहीत अशी एक ओळ छापील आणि बिल्ड यशस्वी झाल्याचे सांगेल. नाव ‘अंकवाचकटेस्ट’ केले (त्यातील ‘टेस्ट’ रोमन अक्षरांत असणे अनिवार्य आहे), की तीच चाचणी चालेल. शुअरफायरच्या मांडणीत स्वतःचा नमुना लिहूनही हे साधता येते. मात्र असा नमुना दिल्यास पूर्वनिर्धारित नमुने त्याच्या जोडीला राहत नाहीत, ते रद्द होतात. एका क्लाससाठी लिहिलेला नमुना अशा रीतीने बाकीच्या सर्व चाचण्या बंद पाडू शकतो.

नावाखालोखाल गोंधळ आवृत्त्यांमुळे होतो. मेव्हन ३ ची ३.९ पूर्वीची बहुतेक प्रकाशने, प्रकल्पाने वेगळे काही सांगितले नसल्यास, शुअरफायर २.१२.४ वापरत. जेयुनिट प्लॅटफॉर्म चालवण्याची अंगभूत क्षमता शुअरफायरमध्ये २.२२.० पासून (२०१८) आली. परिणामी जेयुनिट ५ ची अवलंबित्वे व्यवस्थित लिहिलेल्या प्रकल्पातही, शुअरफायरची आवृत्ती ‘पॉम’ फाइलीत नमूद केलेली नसेल, तर चाचण्यांची संख्या शून्य येत असे. नाव, जागा, ॲनोटेशन यांपैकी काहीही चुकलेले नसल्यामुळे हा दोष ओळखणे नवख्याला विशेष कठीण जाते.

‘टेस्ट’ या एकाच नावाची दोन ॲनोटेशने असणे हेही एक कारण आहे. एक जेयुनिट ४ च्या पॅकेजात आहे, तर दुसरे ज्युपिटरच्या. संपादकाने आपोआप सुचवलेले आयात-वाक्य स्वीकारताना जुने ॲनोटेशन आले आणि प्रकल्पात केवळ ज्युपिटर इंजिन असले, तर क्लास दुसऱ्या चाळणीतून पार होतो व तिसरीत अडकतो. एकाच क्लासमध्ये दोन्ही ॲनोटेशने मिसळली गेल्यास निम्म्या चाचण्या चालतात, आणि ही स्थिती शून्यापेक्षाही उशिरा लक्षात येते. दोन्ही प्रकारच्या चाचण्या हव्या असल्यास व्हिंटेज इंजिन जोडावे लागते. जेयुनिट ४ मध्ये ॲनोटेशन लावलेली मेथड ‘पब्लिक’ नसल्यास स्पष्ट त्रुटी येत असे. ज्युपिटरने ‘पब्लिक’ची अट काढली, परंतु ‘प्रायव्हेट’ मेथड चाचणी धरली जात नाही. आरंभीच्या आवृत्त्यांत ती मुकाट्याने वगळली जाई.

याशिवाय ‘पॉम’ प्रकारच्या पालक प्रकल्पात चाचणीचा टप्पा जोडलेलाच नसतो, त्यामुळे तेथे ठेवलेल्या चाचण्या कधीच चालत नाहीत. चाचण्या वगळण्याचे दोन पर्यायही वेगवेगळे आहेत: ‘स्किपटेस्ट्स’ चाचण्या कंपाइल करते पण चालवत नाही, तर ‘मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप’ त्या कंपाइलही करत नाही. घाईच्या दिवशी पालक प्रकल्पात लिहिलेला असा गुणधर्म पुढे तसाच राहून जातो.

ग्रेडल

ग्रेडलची १.० आवृत्ती २०१२ मध्ये आली. जावा चाचण्यांच्या बाबतीत ग्रेडल नावाकडे पाहत नाही. ते कंपाइल झालेल्या क्लास-फाइली तपासते आणि वारसा व ॲनोटेशने यांवरून निर्णय घेते; जेयुनिट प्लॅटफॉर्म वापरात असेल तर निवड इंजिनावर सोपवते. वरील ‘अंकवाचकचाचणी’ ग्रेडलमध्ये नाव न बदलता सापडते. मेव्हनवरून ग्रेडलकडे गेलेल्या प्रकल्पांत चाचण्यांची संख्या अचानक वाढलेली दिसणे त्यामुळे शक्य असते, आणि त्यांतील काही वर्षानुवर्षे न चाललेल्या व म्हणून तुटलेल्या निघतात.

ग्रेडलचा मुख्य सापळा वेगळा आहे. चाचणी-कार्याला कोणती चौकट वापरायची ते सांगावे लागते, आणि काही न सांगितल्यास पारंपरिक मांडणीत जेयुनिट ४ धरले जाते. ज्युपिटरच्या चाचण्यांसाठी ‘यूज-जेयुनिट-प्लॅटफॉर्म’ ही ओळ आवश्यक असते. ती विसरल्यास जेयुनिट ४ च्या खुणा शोधणाऱ्या ग्रेडलला काहीच सापडत नाही. २०२५ मधील ग्रेडल ९ पासून मात्र चाचण्यांचा स्रोत असूनही एकही चाचणी न सापडल्यास कार्य अपयशी ठरते.

ग्रेडल न बदललेले काम पुन्हा करत नाही. स्रोत व अवलंबित्वे तीच असतील तर चाचणी-कार्यापुढे ‘अप-टू-डेट’ अशी नोंद येते आणि चाचण्या नव्याने चालत नाहीत. हा दोष नव्हे, पूर्वीचा निकाल तेथे ग्राह्य धरलेला असतो. परंतु चाचणी एखाद्या बाहेरील सेवेवर किंवा आजच्या तारखेवर अवलंबून असल्यास तो निकाल शिळा असू शकतो.

अन्य भाषांतील पद्धती

पायथनमधील पायटेस्ट ही चौकट ‘टेस्ट’ व अधोरेखा यांनी सुरू होणाऱ्या अथवा अधोरेखा व ‘टेस्ट’ यांनी संपणाऱ्या फाइली घेते आणि त्यांतील ‘टेस्ट’ने सुरू होणारी फंक्शने चालवते. एकही चाचणी न मिळाल्यास ती ५ हा स्वतंत्र एक्झिट कोड देते, त्यामुळे तिला बोलावणारे साधन यश व शून्य यांत फरक करू शकते. पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्टने हीच पद्धत ३.१२ आवृत्तीत (२०२३) स्वीकारली. तोवर शून्य चाचण्या हे तिच्या लेखी यशच होते. एकाच फाइलीत दोन चाचण्यांना एकच नाव दिल्यास नंतरची आधीचीला पुसून टाकते. नक्कल करून लिहिलेल्या चाचण्यांत हे वारंवार घडते.

गो भाषेत शोध भाषेच्या स्वतःच्या साधनातच आहे. फाइलीचे नाव अधोरेखा व ‘टेस्ट’ यांनी संपावे, फंक्शनचे नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावे आणि त्यानंतरचे अक्षर लहान लिपीतील नसावे. रस्टमध्ये फंक्शनवर खूण लावली जाते, परंतु ज्या फाइलीचा मॉड्यूल म्हणून उल्लेख केलेला नाही ती कंपाइलच होत नाही व तिच्यातील चाचण्याही नाहीशा होतात.

सी व सी++ या भाषांत चालू आज्ञावलीला स्वतःतील फंक्शनांची यादी मिळत नाही. गूगलटेस्ट ही अडचण अशी सोडवते की, प्रत्येक चाचणी एक जागतिक वस्तू निर्माण करते आणि ती वस्तू आज्ञावली सुरू होताना स्वतःची नोंद करते. चाचण्या स्थिर लायब्ररीत ठेवल्या व त्यांचा कोठेही उल्लेख नसला, तर लिंकर त्या अनावश्यक समजून टाकून देऊ शकतो. सीमेक वापरणाऱ्या प्रकल्पात चाचण्या चालू करण्याची आज्ञा सर्वांत वरच्या फाइलीत असावी लागते, अन्यथा सीटेस्टला काही सापडत नाही. त्या वेळी ते तीन उद्गारचिन्हांसह तसे सांगते, पण मूळ मांडणीत अपयश नोंदवत नाही.

देवनागरी नावे व मजकूर

चाचण्यांची नावे मराठीत लिहिणे कितपत शक्य आहे, हे भाषेच्या नियमांवर अवलंबून आहे. जावा व पायथन या भाषा नावांत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त चालवून घेतात. पायथनमध्ये ‘टेस्ट’ ही रोमन अक्षरे व अधोरेखा यांपुढे ‘बेरीज’ लिहिलेले फंक्शन पायटेस्टला सापडते. गो भाषेत मात्र नावात केवळ युनिकोडमधील ‘अक्षर’ वर्गातील चिन्हे व अंक चालतात. मात्रा व वेलांट्या युनिकोडमध्ये संयोगी चिन्हांच्या वर्गात मोडतात. त्यामुळे गोमध्ये ‘कमल’ हे नाव वैध आणि ‘बेरीज’ अवैध ठरते. भारतीय लिप्यांच्या दृष्टीने ही मर्यादा गैरसोयीची आहे. जेयुनिट ५ मध्ये मेथडचे नाव काहीही ठेवून ‘डिस्प्लेनेम’ या ॲनोटेशनाद्वारे अहवालात मराठी वाक्य दाखवता येते, आणि हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे.

स्रोत-फाइलीची संकेतप्रणालीही निर्णायक ठरते. ‘४१०२०६’ हा मजकूर जावातील पूर्णांक वाचणाऱ्या मूळ मेथडला समजतो, तसाच तो पायथनलाही समजतो. गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील रूपांतर मात्र तो नाकारते. जावात तो समजण्यासाठी फाइल ज्या प्रणालीत जतन केली त्याच प्रणालीत कंपाइल व्हावी लागते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइट घेतो. विंडोजच्या १२५२ या संकेतसारणीने ती फाइल वाचल्यास सहा अंकांच्या जागी अठरा परकी चिन्हे येतात आणि चाचणी चुकते. हे तुलनेने बरे. अपेक्षित व प्रत्यक्ष हे दोन्ही मजकूर एकाच रीतीने बिघडले आणि चाचणीने त्यांची फक्त तुलना केली, तर ती उत्तीर्णही होते. मेव्हनमध्ये संकेतप्रणाली ‘पॉम’ फाइलीत नमूद करणे हा यावरील उपाय आहे. जावा १८ (२०२२) पासून यूटीएफ-८ हीच पूर्वनिर्धारित प्रणाली झाल्याने अडचण कमी झाली, तथापि जुन्या जावावरील प्रकल्पांत ती टिकून आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान शाखेत डेवऑप्स प्रयोगशाळेचा अंतर्भाव झाला असून, जेनकिन्स उभारून त्यावर मेव्हन, ॲंट किंवा ग्रेडलचे बिल्ड चालवणे हा तिच्यातील एक प्रयोग आहे. विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये मुंबईपासून पनवेलपर्यंत पसरलेली आहेत. नवीन पनवेल येथील पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९९९) हे त्यांपैकी एक.

अशा प्रयोगाचा निकाल सामान्यतः जेनकिन्सच्या पडद्यावरील यशाच्या खुणेवरून पाहिला जातो. (जेनकिन्सच्या जुन्या आवृत्त्यांत ही खूण हिरवी नसून निळी होती.) ही खूण बिल्ड साधनाच्या एक्झिट कोडवरून ठरते, चाचण्यांच्या संख्येवरून नव्हे. जेनकिन्सचे जेयुनिट प्लगइन जोडून अहवालांची एक्सएमएल फाइल वाचावयास लावल्यास चित्र बदलते. अहवाल न मिळाल्यास ते मूळ मांडणीत बिल्ड अपयशी ठरवते, आणि मागील फेरीचेच अहवाल फोल्डरात पडून असतील तर तसे सांगते. ‘रिकामे निकाल चालतील’ हा पर्याय निवडल्यास ही राखण संपते.

निदान व प्रतिबंध

शोधाची पडताळणी करण्याची रूढ रीत म्हणजे चाचणीत मुद्दाम चुकीची अपेक्षा लिहून बिल्ड चालवणे. पिनकोडच्या उदाहरणात ४१०२०६ ऐवजी ४१०२०७ अपेक्षित ठेवूनही बिल्ड यशस्वी झाले, तर चाचणी चाललीच नाही हे निश्चित होते. त्यानंतर चाळण्या क्रमाने तपासल्या जातात. मेव्हनच्या ‘टार्गेट/टेस्ट-क्लासेस’ फोल्डरात कंपाइल झालेला क्लास नसेल तर दोष जागेचा असतो. क्लास आहे, पण ‘शुअरफायर-रिपोर्ट्स’ फोल्डरात त्याचा अहवाल नाही, अशा वेळी नाव, वगळण्याचे गुणधर्म आणि प्लगइनची आवृत्ती पाहावी लागते. अहवाल आहे, परंतु त्यात अपेक्षेपेक्षा कमी मेथड आहेत, असे आढळल्यास आयात-वाक्ये व ॲनोटेशने तपासली जातात.

मेव्हनमध्ये ‘फेल-इफ-नो-टेस्ट्स’ हा पर्याय चालू केल्यास शून्य चाचण्यांचे बिल्ड अपयशी ठरते. तो मूळ मांडणीत बंद असतो, कारण अनेक विभागांच्या प्रकल्पात काही विभागांना चाचण्या नसणे स्वाभाविक असते. याउलट एखाद्या चाचणीचे नाव आज्ञेतच दिले आणि ती सापडली नाही, तर मेव्हन व ग्रेडल ही दोन्ही साधने त्रुटी देतात. अनेक विभागांच्या मेव्हन प्रकल्पात यामुळे नको त्या विभागावर बिल्ड अडकते व तेवढ्यापुरती ही अट शिथिल करावी लागते. सीटेस्टलाही शून्य चाचण्यांना अपयश समजण्याचा पर्याय देता येतो. हे पर्याय शून्य पकडतात. चारशेपैकी चाळीसच चाचण्या चालल्या, तर ते काहीही बोलत नाहीत. अशी गळती दोन लागोपाठच्या फेऱ्यांतील चाचण्यांच्या आकड्यांची तुलना केली तरच दिसते, आणि जेनकिन्सचा चाचण्यांचा आलेख प्रामुख्याने त्यासाठी उपयोगी पडतो.